रिसेटचे बटण दाबण्यापूर्वी

महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास ब्रिटनमधील थंडीला खरा जोर चढतो, आणि त्याच आठवड्यात आमच्या मंडळातील एकमेकांना जाणारे फोन ठरावीक वळणाचे होऊ लागतात. अभिवादन सभेला कोण येणार, भोजनदानाचे काय ठरले, हे बोलून झाले की हळूच विषय निघतो : घरातला बॉयलर पुन्हा बंद पडला आहे. पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे चमकतात, लाल दिवा लुकलुकतो, रिसेटचे बटण दाबले की यंत्र तासभर चालते आणि पुन्हा अडून बसते. नातवंड पाहायला नागपूर-अकोल्याहून आलेले आईवडील घरात असतात, कुठे बाळंतीण असते. आणि रात्री दोन वाजता कोणीतरी स्वेटरवर कोट चढवून स्वयंपाकघरातील त्या पांढऱ्या पेटीसमोर उभे असते. आमच्यापैकी दोघे नोंदणीकृत गॅस अभियंते आहेत. त्यांच्याशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून आणि निरनिराळ्या घरांत पाहिलेल्या प्रकारांतून जे हाती आले, ते येथे एकत्र मांडत आहोत.

आरंभीच एक गैरसमज दूर करायला हवा. लॉकआउट हा बॉयलरचा बिघाड आहे, असे बहुतेकांना वाटते. बिघाड दुसरीकडे कुठेतरी असतो. लॉकआउट हा त्या बिघाडापुढे बॉयलरने दिलेला नकार असतो. पेटण्याजोगी सुरक्षित स्थिती आहे याची खात्री पटेपर्यंत यंत्र गॅस सोडायला तयार होत नाही. ठरावीक वेळा, बहुधा तीन ते पाच वेळा, प्रयत्न करून पाहिल्यावर ते स्वतःला कुलूप लावून घेते आणि मनुष्याच्या हाताची वाट पाहते. ते कुलूप एकदा उघडून पाहणे रास्त आहे. दुसऱ्यांदाही समजू शकते. परंतु रोज सकाळी उठून रिसेट दाबणे हाच ज्या घराचा नित्यक्रम झाला आहे, त्या घराने बिघाडाशी तह केला आहे असेच म्हणावे लागेल, आणि या तहाच्या अटी बिघाड ठरवतो.

पडद्यावरील अक्षर-आकड्यांचा अर्थ प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने ठरवलेला असतो. एका कंपनीच्या बॉयलरवर जी खूण पाण्याचा दाब घटल्याचे सांगते, तीच खूण दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर अगदी निराळे सांगू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या घरी अमुक खूण आली तेव्हा तमुक भाग बदलला, या माहितीला फारसे मोल नाही. ऐकीव गोष्ट स्वतः पडताळून घ्यावी, हा तथागतांनी कालामांना दिलेला सल्ला बॉयलरच्या बाबतीतही सोडू नये. आपल्या यंत्राचे नेमके मॉडेल पाहून त्याचीच पुस्तिका वाचावी. मूळ प्रत हरवली असेल तर ती उत्पादकाच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते.

ज्योत कोण पाहते?

आपल्या जुन्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे. त्यात लाकडे किंवा कोळसा घालणारा माणूस समोर बसलेला असे. धूर कोंडला तर त्याच्या डोळ्यांना कळे, विस्तव विझला तर फुंकर घालता येई. येथील बॉयलर ही बंदिस्त पेटी आहे. ती बाहेरची हवा आत ओढते, जळलेले वायू बाहेर सोडते, आणि घरातील हवेशी तिचा संबंध येऊ नये अशीच तिची रचना असते. मग आत ज्योत आहे की नाही, हे पाहणार कोण?

ज्योतीतून वीज वाहू शकते, या गुणाचा येथे उपयोग केलेला आहे. बर्नरजवळ धातूची एक बारीक कांडी, म्हणजे इलेक्ट्रोड, बसवलेली असते. तिला उलटसुलट दिशांनी वाहणारा विद्युतदाब दिला जातो. ज्योत असेल तर तिच्यातून प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने वाहतो. हा प्रवाह केवळ काही मायक्रोअँपिअर इतका असतो. ओलाव्यामुळे किंवा तार कुठे चिकटल्यामुळे प्रवाह सुरू झाला, तर तो दोन्ही दिशांनी वाहतो आणि यंत्र फसत नाही. आम्हाला ही युक्ती फार देखणी वाटते. तिची मर्यादा एवढीच की कांडीवर पांढुरका थर साचला, तिचे टोक झिजले किंवा तिच्या चिनी मातीच्या आवरणाला तडा गेला, तर ज्योत व्यवस्थित पेटलेली असूनही यंत्राला ती ‘दिसत’ नाही. मग ते काही सेकंदांत गॅस तोडते. घरच्यांना वाटते की पेटून विझते आहे. प्रत्यक्षात ते विझवले जात असते. हे काम अभियंत्याचे. कांडी स्वच्छ करणे किंवा बदलणे ही त्याच्या दृष्टीने किरकोळ बाब आहे, पण त्यासाठी पेटी उघडावी लागते, आणि पेटी आपण उघडायची नाही. अनेक बॉयलरांत समोरचे झाकण हाच हवाबंदपणाचा भाग असतो. ते नीट बसले नाही तर विषारी वायू घरात येऊ शकतो.

आता सगळा क्रम पाहू. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली किंवा कोणी गरम पाण्याचा नळ उघडला, पाण्याचा दाब पुरेसा आहे असे दिसले, पंखा फिरू लागला, हवेचा प्रवाह ठीक आहे हे सिद्ध झाले, ठिणगी पडू लागली, गॅसचा व्हॉल्व्ह उघडला, ज्योत आली, कांडीने ती ओळखली. यांतील प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते. प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे अपरिचित वाटू नये : प्रत्यय असेल तर पुढची घटना, प्रत्यय नसेल तर ती नाही. तत्त्वचर्चेची ही जागा नव्हे, परंतु पद्धत उपयोगाची आहे. बॉयलर कुठल्या पायरीवर थांबतो, एवढेच कान देऊन ऐकायचे.

पंखाच फिरत नसेल तर दोष विजेचा किंवा पंख्याचा. पंखा फिरतो, टिकटिक ठिणगी पडते, पण पेट घेत नाही, तर गॅस पोचत नाही, किंवा इलेक्ट्रोड बिघडला आहे, किंवा आत पाणी तुंबले आहे. अशा वेळी स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी पेटते का, हे आधी पाहावे. तीही पेटत नसेल तर बॉयलर निर्दोष आहे. प्रीपेमेंट मीटरवरील पैसे संपलेले असण्याची शक्यता अशा वेळी पहिली. अनेक स्मार्ट मीटरांत पैसे भरल्यानंतरही मीटरवरचे बटण दाबूनच पुरवठा पुन्हा चालू करावा लागतो, हे भाड्याच्या घरात नव्याने आलेल्यांना कोणी सांगितलेले नसते. पेट घेऊन चार-पाच सेकंदांत विझते, तर ज्योतीची ओळख पटत नाही किंवा गॅसचा दाब अपुरा आहे. दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते आणि मग थांबते, तर गरम पाणी बॉयलरपासून दूर जात नाही, ते जागीच तापते आहे : पंप मंदावला आहे, नळ्यांत हवा अडकली आहे किंवा गाळ साचला आहे. सामायिक घरात प्रत्येकाने आपापल्या खोलीतील रेडिएटर बंद करून ठेवल्यामुळेही कधीकधी असे घडते. रेडिएटरमधील हवा काढताना शाईसारखे काळे पाणी आले तर गाळाचा संशय पक्का धरावा. तो लोखंडाच्या गंजाचा असतो.

आणि काळवेळही महत्त्वाची आहे. केवळ वादळी रात्री थांबत असेल तर भिंतीबाहेर निघालेल्या धूरनळीच्या तोंडाकडे पाहावे. पक्ष्याचे घरटे, वाढलेली वेल, रंगकामासाठी बांधलेले प्लास्टिक, काहीही आड आलेले असते. केवळ कडाक्याच्या पहाटे थांबत असेल, तर पुढचा भाग नीट वाचावा.

पांढऱ्या नळीत गोठलेले पाणी

गॅस जळताना पाणी तयार होते. जुने बॉयलर ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर सोडून देत. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नव्याने बसणारा गॅस बॉयलर, काही अपवाद वगळता, कंडेन्सिंग पद्धतीचा असणे आवश्यक झाले. म्हणजे धुरातील वाफ थंड करून तिच्यातील उष्णताही घराला द्यायची. यामुळे गॅसची बचत होते. पण तयार झालेले पाणी कुठेतरी सोडावे लागते. बॉयलर जोरात चालत असताना ते तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक असू शकते. ते किंचित आम्लयुक्त असल्याने धातूच्या नळीला खाते, म्हणून प्लास्टिकची नळी वापरतात. ही नळी भिंतीतून बाहेर काढून गटाराच्या जाळीपर्यंत नेलेली असेल, बारीक असेल आणि उघडी असेल, तर हिमपाताच्या रात्री थेंब-थेंब झिरपणारे पाणी तिच्यात गोठते. पाणी मागे तुंबते, बॉयलरच्या पोटात गुडगुड आवाज होतो, आणि पहाटे घरात सर्वांत जास्त गरज असताना लॉकआउट होतो.

डिसेंबर २०१० मधील विलक्षण थंडीत या एका कारणाने देशभर असंख्य बॉयलर एकाच वेळी बंद पडले. दोष यंत्रात नव्हता. नळ्या बारीक, लांब आणि उघड्या बसवल्या होत्या. आज अपेक्षा अशी आहे की शक्यतो ही नळी घराबाहेर काढूच नये, ती स्वयंपाकघरातील सिंकच्या किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याला आतल्या आत जोडावी. बाहेर काढावीच लागली तर तिचा आतील व्यास किमान ३० मिलिमीटर असावा, तिला पुरेसा उतार असावा, आणि टोकापर्यंत पाणी न मुरणारे उष्णतारोधक आवरण असावे. जुन्या घरांत मात्र २१.५ मिलिमीटरची उघडी नळी अजूनही सर्रास दिसते.

गोठलेली नळी मोकळी करणे हे घरच्या माणसाला करता येण्याजोगे काम आहे, जर ती जमिनीवर उभे राहून हाताशी येत असेल तर. शिडी लावून, बर्फाळ फरशीवर, अंधारात हे करू नये. बहुधा उघडे टोक, एखादे वळण किंवा उतार कमी असलेला आडवा भाग गोठलेला असतो. तेथे गरम पाण्याची रबरी पिशवी धरावी, किंवा भांड्याने कोमट-गरम पाणी सावकाश ओतावे. उकळते पाणी नको, नळी तडकते. ओतलेले पाणी पायवाटेवर गोठून कोणी घसरू नये, एवढीही काळजी घ्यावी. नळी मोकळी झाली की मग एकदा रिसेट. येथे रिसेटला अर्थ आहे, कारण कारण दूर झालेले आहे. थंडीची लाट चालू असेपर्यंत रात्री हीटिंग पूर्ण बंद करण्याऐवजी थर्मोस्टॅट थोडा खाली ठेवून ते चालू राहू द्यावे. पाणी वाहते राहिले की गोठण्याचा संभव कमी होतो.

पाण्याच्या दाबाविषयी आम्हाला अधिक बोलावेसे वाटते, कारण येथे लोक नकळत नुकसान करून घेतात. यंत्र थंड असताना दाबमापकाची सुई साधारणपणे १ ते १.५ बारच्या दरम्यान असावी. ती फार खाली आली की बॉयलर थांबतो. मग खालची फिलिंग लूपची नळी उघडून मुख्य नळाचे पाणी आत घ्यायचे, सुई जागेवर आली की व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचा, हे बहुतेक पुस्तिकांत वापरणाऱ्यासाठीच दिलेले असते आणि ते कठीण नाही. वर्षातून एक-दोनदा असे करावे लागले तर चिंता नसावी. दर आठवड्याला करावे लागत असेल तर पाणी कुठेतरी जाते आहे, आणि प्रत्येक वेळी आत घेतलेल्या ताज्या पाण्याबरोबर ताजा प्राणवायूही आत जातो. तो रेडिएटरांना आतून गंजवतो, गंजाचा गाळ होतो, गाळ पंप आणि उष्णताविनिमयक तुंबवतो. थोडक्यात, पाणी भरत राहणे हे रिसेटचेच दुसरे रूप आहे, फक्त अधिक महागडे.

पाणी जाते कुठे, याचा एक माग सुईच देते. सकाळी थंड असताना १, घर तापल्यावर जवळजवळ ३, आणि दुसऱ्या दिवशी शून्याकडे, असा प्रवास दिसला तर एक्स्पान्शन व्हेसल निकामी झाल्याचे ते ठळक लक्षण समजावे. तापलेले पाणी फुगते. त्या फुगवट्याला जागा देण्यासाठी रबरी पडद्यामागे हवा भरलेले हे भांडे असते. हवा गेली की फुगवट्याला जागा उरत नाही, आणि कुकरचा सुरक्षा व्हॉल्व्ह उडावा तसा ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेरच्या तांब्याच्या नळीतून भिंतीवर सांडते. त्या नळीखाली ओल दिसते का, हे उजेडी पाहून ठेवावे.

हक्क आणि मर्यादा

आमच्या समाजातील नवे आलेले बहुतेक जण भाड्याने राहतात : विद्यार्थी, परिचारिका, वृद्धसेवेत काम करणारे. बॉयलर बंद पडला की घरमालक दूरध्वनीवर ‘रिसेट करून पाहा’ असे सांगतो, आणि आपले लोक घर सुटेल या धास्तीने आठवडेच्या आठवडे बादली-तांब्याने स्नान उरकून गप्प बसतात. बादलीच्या स्नानाचे आम्हाला कधीच वावडे नव्हते, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे ही इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ अन्वये घरमालकाची जबाबदारी आहे. (वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे निराळे, पण तेथेही ही जबाबदारी मालकावरच येते.) जे कायद्याने देय आहे ते उपकार म्हणून मागू नये. मात्र ते लेखी मागावे : बिघाडाची तारीख, पडद्यावरील खुणेचे छायाचित्र, घरात लहान मूल किंवा वृद्ध असल्याचा उल्लेख. मालकाला कळवले होते, हे पुढे सिद्ध करता आले पाहिजे. तरीही हालचाल झाली नाही तर स्थानिक कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाकडे जावे. घरातील अतिशीतता आणि कार्बन मोनॉक्साइड, हे दोन्ही २००४ च्या हाउसिंग ॲक्टखालील तपासणीत धोके म्हणूनच मोजले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने थंड प्रदेशांत घरातील किमान तापमान म्हणून १८ अंश सेल्सिअसची शिफारस २०१८ मध्ये केली. तान्ही मुले आणि वृद्ध यांच्यासाठी ते आणखी जास्त लागू शकते.

मालकाने दर बारा महिन्यांनी गॅस उपकरणांची सुरक्षा-तपासणी करून घेणे आणि तिच्या नोंदीची प्रत भाडेकरूला देणे १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. राहत्या भाडेकरूला ती तपासणीनंतर २८ दिवसांत मिळाली पाहिजे, नव्याला घरात येण्यापूर्वी. ही तपासणी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्यातील कोणी ओळखीचा, कामात हुशार, स्वस्तात करून देणारा असतो. नळ, फरशी, रंग याबाबत त्याच्यावर जरूर विश्वास टाकावा. गॅसचे काम मात्र पैसे घेऊन करण्याचा अधिकार केवळ गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्यालाच आहे. १ एप्रिल २००९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ही नोंदणी चालू आहे. त्यापूर्वी कॉर्गीची होती, आणि काही जुनी माणसे अजून तेच नाव घेतात. अभियंत्याकडे छायाचित्र असलेले कार्ड असते, त्याच्या मागील बाजूस तो कोणती कामे करण्यास पात्र आहे हे लिहिलेले असते. ते पाहायला मागण्यात संकोच नसावा. आमचे दोन्ही मित्र सांगतात की कार्ड मागणारा ग्राहक त्यांना आवडतो.

या कडकपणाचे कारण महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने माणसे बेशुद्ध होऊन दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात येतच असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे, ही त्याची चिन्हे. ती सर्दी-तापासारखी भासतात हाच धोका. म्हणून बॉयलर असलेल्या खोलीत गजराचे यंत्र हवेच. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरांत ते बसवणे मालकाला बंधनकारक आहे. गजर झाला किंवा गॅसचा वास आला तर खिडक्या-दारे उघडावी, हाताशी असेल तर मीटरजवळचा गॅसचा खटका बंद करावा, विजेच्या बटणांना हात लावू नये, सर्वांनी बाहेर यावे आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी तासन्‌तास पेटती ठेवणे, किंवा बार्बेक्यूचा कोळसा घरात आणणे, हे कोणीही करू नये. तेल भरलेला विजेचा रेडिएटर एका खोलीत लावावा, त्या खोलीचे दार लावून घ्यावे, आणि म्हातारी माणसे व बाळ तेथेच झोपवावे. तो थेट भिंतीतील सॉकेटला जोडावा, लांबवलेल्या वायरीला नव्हे.

अभियंता येण्यापूर्वी एक कागद भिंतीला चिकटवून ठेवावा असे आम्ही सुचवतो. लॉकआउट किती वाजता झाला, पडद्यावर काय होते, सुई कुठे होती, बाहेर गोठण होती की वारा, पंखा फिरला का, ठिणगी ऐकू आली का, शेगडी पेटत होती का. दोन-तीन दिवसांच्या अशा नोंदींनी त्याचा शोधाचा बराच वेळ वाचतो आणि आपले पैसेही, कारण तो आला की बॉयलर बहुधा मुकाट्याने चालू लागतो, हा सर्वांचाच अनुभव आहे.

आणि तपासणीसाठी डिसेंबरची वाट पाहू नये. डिसेंबरात अभियंते मिळत नाहीत, भागही लवकर येत नाहीत. आमच्या मंडळात आता अशी पद्धत पडते आहे की १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने घर झाडून-पुसून होते त्याच दिवशी, हीटिंग तासभर चालू करून पाहायचे : सगळे रेडिएटर वरपर्यंत तापतात का, सुई थंड आणि गरम असताना कुठे असते, बाहेरच्या पांढऱ्या नळीवरचे आवरण फाटले आहे का, गजराचे बटण दाबल्यावर तो वाजतो का. काही खटकले तर दुरुस्तीला सहा-सात आठवडे हाताशी असतात.